बुश मिरी वर चढू लागली तर

सावंतवाडीकडच्या एका शेतकरी ताईंचा प्रश्न आहे: "रोपवाटिकेतून बुश मिरीची रोपं आणली. झुडूप व्हायचं सोडून ती आधार शोधत वर चाललीत, घोस एकही नाही. खत कमी पडतंय का?" पुण्याहून एकांनी कळवलंय की गच्चीतल्या बुश मिरीची पानं करपतात आणि तुरे गळतात.

ताई, खत वाढवू नका. तुम्हाला मिळालेली रोपं बुश मिरीची नाहीत, साध्या मिरवेलीची आहेत. पानियूर-१ म्हणून दिली असतील, तर जात खरीही असेल. पण बुश मिरी ही वेगळी जात नव्हे, कलम कोणत्या फांदीचं आहे त्यावर सगळं ठरतं. ज्या फांदीच्या प्रत्येक पेरावर आधाराला चिकटणारी मुळं फुटतात, ती फांदी चढणारच. जमिनीवर पसरणाऱ्या धावत्या फांद्याही पुढे चढतात. घोस धरतात ते बाजूला निघणाऱ्या आडव्या फळफांद्यांवर, आणि त्या फांदीचं कलम झुडूपच राहतं. रोप घेताना पेरं निरखून बघा. आणलेली रोपं मात्र उपटू नका. पावसाच्या सुरुवातीला नारळ-सुपारीच्या बुंध्याशी लावा, तिथे ती चांगली येतील.

कलमं घरीच करा, असं मी आग्रहाने सांगेन. निरोगी, भरपूर घोस धरणाऱ्या वेलीची साधारण वर्षभराची फळफांदी तीन ते पाच पेरांवर कापा. शेंड्याकडचं एक पान ठेवून बाकीची काढा. खालचं टोक आयबीए या मुळं फुटवणाऱ्या संजीवकाच्या १००० पीपीएम द्रावणात ४५ सेकंद बुडवा आणि ओलसर कोकोपीट भरलेल्या पिशवीत खोचा. पिशवीचं तोंड बांधून सावलीत ठेवा. महिना-दीड महिन्यात मुळं दिसतात. सगळी फुटत नाहीत, म्हणून हवी त्यापेक्षा जास्तच लावा.

मुळं धरली की माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरून दहा किलो माती मावेल अशा कुंडीत हलवा. दर दोन महिन्यांनी १५ ग्रॅम निंबोळी पेंड आणि ३० ग्रॅम शेंगदाणा पेंड द्या. एखादी सरळ उभी फांदी फुटलीच, तर लगेच छाटा.

पुण्याच्या गच्चीत अडचण दुपारच्या उन्हाची आणि कोरड्या हवेची आहे. कुंडी सकाळचं ऊन मिळेल अशा पूर्वेच्या बाजूला न्या. तुरे आल्यावर माती सुकू देऊ नका, पानांवर पाण्याचा हलका फवारा मारा.

कोकणात भीती उलटी: पाणी साचलं की फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूची मर येते आणि झाड काही दिवसांत जातं. कुंडीची भोकं मोकळी ठेवा. पावसाआधी १ टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं) फवारा, मुळाशी कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात ओता. ट्रायकोडर्मा वापरत असाल तर तांब्याच्या औषधासोबत देऊ नका, नाहीतर ती उपयोगी बुरशीच मरेल. कोलुब्रिनम या मिरीच्या रानटी भाईबंदाच्या खुंटावर बांधलेली कलमं या रोगाला दाद देत नाहीत, पण त्यांना सतत ओल लागते आणि खुंटाचे फुटवे काढत राहावे लागतात.

घोसातला एखादा दाणा नारिंगी झाला की तोडा. दाणे उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून उन्हात वाळवले, तर रंग एकसारखा काळा येतो. तीन किलो ओल्या मिरीची सुमारे एक किलो वाळलेली होते. कुंडीतलं झाड तिसऱ्या वर्षापासून वर्षाला अर्ध्या किलोच्या आसपास ओली मिरी देतं. घरच्या मसाल्याला आणि हिरव्या मिरीच्या लोणच्याला तेवढी पुरते.