मुलगे हसतात, मुली गप्प बसतात, मग सुरुवात कुठून करायची?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी-आठवीला शिकवता, 'स्त्रियांचे हक्क' म्हटलं की मागच्या बाकांवरचे मुलगे खिदळतात, मुली वहीत मान घालतात, आणि एका पालकानं 'पोरींना नको ते शिकवू नका' असा निरोपही धाडलाय. कुठून सुरू करू, असं विचारलंय. मी सव्वीस वर्षं याच वर्गांना शिकवतोय, त्यातली निम्मी बीडकडच्या ऊसतोडीच्या गावांत. जे जमलं ते सांगतो, आणि जे अंगाशी आलं तेही.

खिदळण्याचं मनावर घेऊ नका. त्या वयाची पोरं अवघडली की हसतात. मुली गप्प का बसतात, तिकडे जास्त लक्ष द्या.

पहिली काही वर्षं मीही सगळे करतात तेच केलं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार, ८ मार्चला फळ्यावर रंगीत खडूनं घोषणा, आणि निबंध स्पर्धा. एका मुलाचा निबंध तालुक्यात पहिला आला, विषय स्त्री-पुरुष समानता. बक्षीस मिळालं त्याच दिवशी मधल्या सुट्टीत तो खिचडी खाऊन उठला आणि ताटली सहावीतल्या बहिणीपुढे सरकवून खेळायला पळाला. तिनं स्वतःची आणि त्याची, दोन्ही ताटल्या नळाखाली धरल्या. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. हे रोजच चालत असणार, आणि मी रोज तिथेच उभा असायचो. निबंध तेव्हापासून बंद केला.

आता सुरुवात एका यादीनं करतो. 'काल उठल्यापासून शाळेत येईपर्यंत आणि शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं, ते लिहा.' विषयाचं नाव काढायचं नाही, हक्क हा शब्द उच्चारायचा नाही. कागदावर नावही नको, फक्त मुलगा की मुलगी तेवढं कोपऱ्यात. एकदा लिहिताना बाकांमधून फिरत होतो, तर एका मुलीनं लिहिलं होतं, 'काही नाही केलं. उठले, आवरलं, शाळेत आले.' मी तिला हळूच बाजूला बसवून विचारत गेलो. झाडलोट केली का? हो. पाणी? हो, दोन खेपा. भांडी? रात्रीची होती ती घासली. धाकट्याची आंघोळ? घातली. भाकरी? आईनं थापल्या, मी भाजल्या. नऊ कामं निघाली, सकाळी साडेनऊच्या आत. तिच्या लेखी ते 'आवरलं' या एका शब्दात बसलं होतं.

इथे एक पथ्य पाळा. मुलग्यांचंही काम मोजा, अगदी प्रामाणिकपणे. डेअरीला दूध घालणं, शेळ्या सोडणं, रात्री लाईट आली की बापाबरोबर मोटार चालू करायला जाणं, हेही कष्टच आहेत. ते फळ्यावर आलं नाही तर मुलग्यांना वाटतं सर आपल्यावर खटला भरतायत, आणि पुढचं एक अक्षर कानात शिरत नाही. सगळं फळ्यावर आलं की फरक पोरांनाच दिसतो. आमच्या वर्गात तो एका मुलानंच सांगितला : 'सर, आमच्या कामाला सुट्टी असते. पाऊस पडला तर मोटार नसते. भाकरी रोजच असते.'

मग गणिताच्या तासाला आकडे द्या. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं देशभर कोण किती वेळ कशात घालवतं याचं सर्वेक्षण केलं. घरकाम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. शिवाय घरकामाला हात लावणाऱ्या बायका शंभरात ८१, आणि पुरुष २६. रोजचा फरक २०२ मिनिटांचा, गुणिले ३६५, भागिले ६०, भागिले २४. उत्तर येतं एक्कावन्न दिवस. वर्षातले एक्कावन्न दिवस, तेही दिवसरात्र धरून. पोरं दोनदा करून बघतात, गणित चुकलं असेल म्हणून.

याच तासाला एका मुलीनं मला विचारलं होतं, 'सर, तुम्ही घरी भाकरी करता का?' वर्ग चिडीचूप. मी नाही म्हणालो. येत नव्हतीच. खोटं बोललो असतो तर माझ्या घराशेजारी राहणारी दोन पोरं त्याच वर्गात होती. हा प्रश्न तुम्हालाही वेगळ्या रूपात येईल, 'बाई, तुमच्या घरी पगार कोणाच्या हातात असतो?' असा. उत्तराची तयारी ठेवा. (भाकरी नंतर शिकलो. गोल होत नाही, पण फुगते.)

दुसरा टप्पा भाषेचा. मराठीच्या तासात सहज बसतो, वेगळा वेळ काढावा लागत नाही. 'परक्याचं धन', 'वंशाचा दिवा', 'पहिली बेटी धनाची पेटी' हे मुलांना आधीपासून पाठ असतं. त्यांनाच विचारा, 'पहिली' का म्हटलंय? दुसरी बेटी कशाची पेटी? उत्तर द्यायला कोणी पुढे येत नाही, आणि घरात तिसरी-चौथी असलेल्या मुली खाली बघतात. तिथे फार थांबू नका. नकुशी हे नाव आपल्याकडे खरोखर ठेवलं जायचं, आणि २०११ साली साताऱ्यात अशा अडीचशेहून जास्त मुलींना जाहीर कार्यक्रमात नवी नावं दिली गेली, एवढं सांगून पुढे चला.

मुलगे खरे खुलतात ते इथे. 'रडूबाई' हा शब्द फळ्यावर लिहा आणि विचारा, हा कोणाला म्हणतात? रडणाऱ्या मुलाला. मग त्यात बाई कुठून आली? 'बांगड्या भर', 'पोरींसारखा काय लाजतोस' अशी भर मुलगेच घालायला लागतात, कारण हे त्यांनी सोसलेलं असतं. आठवीतला एक दांडगा मुलगा, कबड्डीचा कॅप्टन, एकदा म्हणाला की आजी गेली तेव्हा तो गोठ्यात जाऊन रडला, कारण बाप म्हणाला होता पोरगा आहेस. त्यानंतर त्या वर्गात या विषयावर कोणी खिदळलं नाही. उलट बाजूही बघा. हुशार मुलीचं कौतुक करताना बाप म्हणतो, 'मुलगी नाही, मुलगाच आहे माझा!' हे कौतुक आहे की काय, यावर वर्गात दोन तट पडतात. पडू द्या, तुम्ही निकाल देऊ नका.

बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातली काही चित्रं बदलली, आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतायत वगैरे. शाळेच्या कपाटात त्याआधीचं पुस्तक सापडलं तर दोन्ही शेजारी ठेवून द्या, मुलं आपोआप फरक शोधतात.

इतिहास शिकवताना सावित्रीबाई, फातिमा शेख, भिडे वाडा, १८४८ हे तर आहेच. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना जी गोष्ट धरून ठेवते ती रखमाबाईंची. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न लावलेलं, मुलगी आईकडेच वाढली, आणि मोठी झाल्यावर नांदायला जायला तिनं नकार दिला. १८८४ मध्ये नवरा मुंबईत कोर्टात गेला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूनं लागला, अपिलात फिरला, आणि १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, मग त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत-राजकोटला पुढची कितीतरी वर्षं दवाखाना सांभाळला.

याचं कोर्ट वर्गात भरवा. रखमाबाईंचे वकील मुलगे करा आणि दादाजीचे वकील मुली. अदलाबदल मुद्दाम करायची, नाहीतर भांडण मुलगे विरुद्ध मुली असं होतं आणि रखमाबाई बाजूला राहतात. तेव्हा टिळकांचा 'केसरी'ही त्यांच्या विरोधात होता, हे लपवू नका. मोठी माणसंही एखाद्या बाबतीत चुकीच्या बाजूला असू शकतात, हे मुलं आपल्यापेक्षा सहज पचवतात. शेवटी सांगा की या प्रकरणाचा गाजावाजा झाला, पुढे १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला, आणि त्यात मुलीचं शरीरसंबंधाला संमतीचं वय वाढवलं ते दहावरून बारावर. 'बारा म्हणजे सहावी!' असं कोणीतरी ओरडतंच.

आमच्या भागात हा निव्वळ इतिहास नव्हे. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावर निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ पैसे कोयत्यावर मिळतात. म्हणून पोराचं लग्न हंगामाआधी उरकायचं, आणि वयात आलेली पोरगी मागे एकटी कोणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून तिचंही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. तुमच्या हजेरीपटावर दिवाळीनंतर ज्या मुलीच्या नावापुढे ओळीनं 'गै' लागतात, तिची चौकशी करा.

आणि इथे माझी चूक सांगतो, तुम्ही करू नका. नववीला गेलेली माझी एक माजी विद्यार्थिनी मधल्या सुट्टीत येऊन म्हणाली, 'सर, पुढच्या गुरुवारी माझं आहे.' मी मोठ्या विश्वासानं संध्याकाळी तिच्या घरी गेलो, चहा घेतला, कायदा समजावला. बापानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. लग्न गुरुवारऐवजी मंगळवारीच झालं, मामाच्या गावी. मी जाऊन त्यांना सावध तेवढं केलं. आता आधी १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन, नाव गुप्त ठेवा असं सांगून, आणि ग्रामसेवकाला कळवणं. गावासाठी बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो. घरी जाणं नंतर. १०९८ हा आकडा मुलींच्या स्वच्छतागृहाच्या आतल्या भिंतीवर रंगवून घ्या. बाहेरच्या फलकावरचा आकडा मुली सगळ्यांदेखत वाचत उभ्या राहत नाहीत.

हक्क म्हणजे काय हे सगळ्यात चांगलं कळतं ते सातबाऱ्यावरून. त्यातही मी एकदा तोंडावर पडलोय. 'घरचा सातबारा बघा आणि त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते लिहून आणा' असा गृहपाठ दिला. एका मुलीनं घरी आजोबांना विचारलं, 'आत्याचं नाव कुठंय?' आत्यानं त्याच उन्हाळ्यात हक्कसोड केलं होतं, म्हणजे आपला हिस्सा लिहून सोडला होता, आणि घरात त्यावरून आधीच धुसफूस. पोरीला दोन चापट्या बसल्या, दुसऱ्या दिवशी आजोबा काठी टेकत शाळेत. त्यांचा राग मी समजू शकतो, पण मार तिनं खाल्ला होता. तेव्हापासून माझा नियम : जो प्रश्न घरी विचारल्यावर मुलीला त्रास होऊ शकतो, तो गृहपाठात नाही. सातबारा मी माझ्याच जमिनीचा नेतो. माझ्या बहिणीचं नाव त्यावर आहे का, हे मुलं शोधतात. (आहे. उशिरा लागलं, पण आहे.)

मग कायदा दोन वाक्यांत. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानं हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात असण्याचीही गरज नाही. हे हिंदू वारसा कायद्याचं आहे, वर्गात इतर धर्मांची मुलं असतील तर तेही सांगा. पण कायद्यापेक्षा चर्चा रंगते ती हक्कसोडपत्रावर. कायदा आत्याला हिस्सा देतो आणि आत्या निबंधकाच्या कार्यालयात जाऊन अंगठा देऊन येते, असं का? मुलीच सांगतात : माहेर तुटेल, रक्षाबंधनाला कोणी बोलावणार नाही, नवऱ्यानं टाकलं तर जायचं कुठे.

मुलगे हमखास विचारतात, 'मग म्हातारपणी आईबापाला बहिणीनं सांभाळायचं का?' याला उडवून लावू नका, प्रश्न रास्त आहे. उत्तर हो असंच आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात पालनपोषणाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर आहे. हे ऐकून मुलग्यांचा चेहरा एकदम निवळतो.

पालकांचं विचारलंत. त्या निरोप धाडणाऱ्यांना भेटा, पण शाळेत बोलावून नको, आणि समानता हा शब्द न काढता. मुलांना सातबारा वाचायला, फॉर्म भरायला, हिशेब करायला शिकवते म्हणून सांगा, ते खरंच आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात सरकारी कागदांवर आधी आईचं नाव येतं, मग बापाचं, हे बऱ्याच पालकांना ठाऊकच नसतं. त्यावर बोलणं सहज सुरू होतं.

आणि या सगळ्याआधी शाळेचं स्वतःचं बघा. पाहुणे आले की औक्षणाचं ताट मुलींच्या हातात आणि बाकं उचलायला मुलगे, व्हरांडा झाडायला मुली आणि झेंड्याची दोरी ओढायला मुलगा, असं असेल तर मुलं तुमच्या तासापेक्षा तेच शिकतात. आमच्याकडे पाळ्या हजेरी क्रमांकानं लावल्या, कोणाशी वाद न घालता. पहिल्या आठवड्यात मुलग्यांनी झाडलेला व्हरांडा मुली मागून पुन्हा झाडायच्या. ते थांबवायला महिना गेला.

मीना राजू मंच, म्हणजे मुलामुलींच्या समानतेसाठीचा शाळेतला मुलांचा गट, तुमच्याकडे कागदावर असेलच, त्याचा तास वापरा, वेगळी परवानगी लागत नाही. यादी सोमवारी करून घ्या, 'काल उठल्यापासून झोपेपर्यंत' एवढंच विचारून, म्हणजे रविवारची येते. रविवारी सगळेच घरी असतात, त्यामुळे कोण काय करतं ते स्वच्छ दिसतं. कागद मात्र तुमच्या कपाटात कुलूप लावून ठेवा, आणि एखाद्या कागदावर कामांशिवाय आणखी काही लिहिलेलं सापडलं तर वर्गात वाचू नका, मला इथेच वेगळा निरोप टाका.