नारळ घेऊन जाऊ का?

प्रश्न : माझी मुलगी बर्नला असते. स्विस अल्पाइन क्लब या गिर्यारोहकांच्या संस्थेच्या तिथल्या एका शाखेची ती सभासद आहे. शाखेचा वर्धापनदिन ऑगस्टमध्ये कोन्कॉर्डिया हटवर (डोंगरातल्या मुक्कामाच्या घरात) साजरा होणार असून तिने आम्हा दोघांनाही बोलावलं आहे. माझं वय 61, सौ. 57. आम्ही दरवर्षी कळसूबाई करतो. शुद्ध शाकाहारी आहोत. जमेल का? आणि मंडळींसाठी शाल-श्रीफळ न्यावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कळसूबाई 1646 मीटर. दम लागला की शिडीचा कठडा धरून उभं राहायचं, खाली पायथ्याचं बारी गाव दिसतंय म्हणत वेळ काढायचा. कोन्कॉर्डिया 2850 मीटरवर आहे, पण मला उंचीपेक्षा वाटेची काळजी आहे. बहुतेक लोक युंगफ्राउयोखपर्यंत रेल्वेने जातात. ते स्टेशनच 3454 मीटरवर! तिथून अलेच हिमनदीवर उतरायचं. बर्फाखाली भेगा दडलेल्या असतात, म्हणून एका दोराला बांधून घेऊन, जाणकाराच्या मागोमाग चालायचं. लेकीला आधी हेच विचारा, आमच्या दोराच्या पुढे कोण असणार? ‘अहो बाबा, सगळे असतील’ हे उत्तर चालणार नाही. नाव हवं. आणि विम्यात हेलिकॉप्टरने सुटका बसते का, तेही कागदावर बघा.

नाशिकहून उठून थेट त्या रेल्वेत बसू नका. दोन-तीन रात्री दीड-दोन हजार मीटरवरच्या एखाद्या गावात काढा, नाहीतर समारंभ डोकं धरून बघाल.

आता हटपर्यंत चढायचा जिना. मी साठीला टेकले होते तेव्हा तिथे गेले होते. दिवसभर बर्फ तुडवून आलो आणि समोर कड्याला ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या, साडेचारशेच्या वर. मी दोनशेनंतर मोजणं सोडलं. 1877 साली तिथे पहिली हट बांधली तेव्हा हिमनदी कितीतरी वर होती. ती वितळून खाली खाली गेली, आणि तिच्या मागे जिना लांबवत न्यावा लागला. गुडघ्यांना विचारून ठरवा.

बाकी सोपं आहे. बूट दाराशी काढायचे, आत तिथल्याच सपाता. पांघरुणं हटची, पण त्यांच्या आत शिरून झोपायची पातळ कापडी झोळी आपली न्यायची. एका लांब फळीवर ओळीने गाद्या, शेजारी कोण घोरेल ते नशीब. दहाला दिवे बंद. शाकाहारी आहोत हे आरक्षण करतानाच कळवा. पहिलं सूप येतं, त्यात मांसाचा रस असू शकतो, म्हणून नुसतं ‘मटण नको’ सांगून भागत नाही.

श्रीफळ मात्र नको. तिथे जे काही पोचतं ते हेलिकॉप्टरने किंवा कुणाच्या तरी पाठीवरून, आणि कचराही तसाच खाली येतो. तुमच्या नारळाच्या करवंट्या कुणी वाहायच्या? त्यापेक्षा नाशिकचे मनुके न्या, दोन किलो. डोंगरात त्याहून चांगला खाऊ मला माहीत नाही, आणि मागे काही उरत नाही.

शाल एकच न्या. हा क्लब 1863 चा. पण 1907 पासून 1979 पर्यंत त्यात बायकांना घेतच नव्हते. तुमच्या लेकीलाही दारातूनच परत पाठवलं असतं. बायकांनी 1918 मध्ये आपला वेगळा क्लब काढला आणि 1980 मध्ये दोन्ही एक झाले. भाषणांत याचा उल्लेख होईल न होईल. जेवणाच्या टेबलावर सत्तरी ओलांडलेली कुणी बाई दिसली तर लेकीला दुभाषी करून तिला विचारा, तुम्ही कुठल्या क्लबातून आलात? जुन्या, बायकांच्या क्लबातून म्हणाली, तर शाल तिची. ती तिच्या खांद्यावर घालायला सौ.ना सांगा, आणि त्यांना तिच्याच शेजारी बसू द्या.