‘कळून तरी काय करणार?’ : डबल मार्करच्या आधीचं बोलणं

दिवस राहिल्याची चिठ्ठी हातात पडली की पुढच्या महिनाभरात तपासण्यांची यादी येते. सोनोग्राफी, एनटी स्कॅन (हीही सोनोग्राफीच), डबल मार्कर ही आईच्या रक्ताची तपासणी, मग पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी. समुपदेशनाच्या खोलीत सर्वांत जास्त ऐकू येणारा प्रश्न या यादीतूनच निघतो: “हे करायलाच पाहिजे का? आणि काही निघालंच, तर कळून तरी आम्ही काय करणार?”

हाच प्रश्न घेऊन आलेल्या विदर्भातल्या एका जोडप्याची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि अशाच आणखी काही जोडप्यांचे अनुभव त्यात मिसळले आहेत.

ती ३२ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नवरा सहकारी बँकेत. पहिली मुलगी पाच वर्षांची. त्या खेपेला आठव्या महिन्यात बीपी वाढलं होतं. आता दुसऱ्यांदा दिवस गेलेले, पाळीच्या तारखेवरून नऊ आठवडे तीन दिवस. सोबत सासूबाई आल्या होत्या. तिघांची तीन मतं. नवऱ्याचं म्हणणं, “जे जे असेल ते सगळं करून टाका.” सासूबाईंचं, “तीन महिने होईस्तोवर मशीन लावू नये, बाळाला त्रास होतो.” तिचं म्हणणं बराच वेळ बाहेर आलं नाही. दोघांना बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलल्यावर ते कळलं. तिच्या नणंदेची डबल मार्कर ‘हाय रिस्क’ आली होती. महिनाभर घरात रडारड झाली आणि शेवटी बाळ ठणठणीत जन्मलं. “मला तो महिना नको आहे,” ती म्हणाली.

हे बोलणं एकटीशीच व्हावं लागतं. सगळ्यांसमोर बाई “घरचे म्हणतील तसं” म्हणते, आणि पुढे रिपोर्ट आला की निर्णयाचं ओझं तिच्या एकटीवर येतं.

यादीतली पहिली सोनोग्राफी आधी बाकीच्यांपासून वेगळी काढली. सहा ते नऊ आठवड्यांमधली ही तपासणी व्यंग शोधण्यासाठी नसते. गर्भ पिशवीतच आहे की नळीत, एक आहे की जुळं, ठोके आहेत का आणि नेमके किती दिवस झालेत, एवढ्यासाठी ती करतात. गर्भ नळीत असेल तर आईच्या जिवाशी गाठ असते, म्हणून ही मात्र टाळू नये, असं आम्ही स्पष्ट सांगतो. सासूबाईंनाही आत बोलावून सांगितलं की सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, आवाजाच्या लहरी असतात. त्यांची काळजी अगदीच निराधार होती असंही नाही. इतक्या लवकर डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह बघायची पद्धत, गरजेशिवाय लावत नाहीत, ठोके दुसऱ्या पद्धतीने मोजतात. ते ऐकल्यावर त्या तयार झाल्या.

त्याच दिवशीचा रिपोर्ट: गर्भ पिशवीत, एकच, ठोके आहेत, सीआरएल म्हणजे डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी १६ मिलिमीटर. ही लांबी बरोबर आठ आठवड्यांची. पाळीच्या हिशेबापेक्षा दहा दिवस कमी. ती घाबरली, वाढ खुंटली की काय. तिची पाळी किती दिवसांनी येते हे विचारल्यावर उलगडा झाला: ३८ दिवसांनी. पाळीवरून दिवस मोजण्याचा हिशेब २८ दिवसांच्या चक्रावर बसवलेला आहे. ३८ दिवसांचं चक्र असेल तर बीज दहा दिवस उशिरा फुटतं आणि गर्भही दहा दिवसांनी ‘लहान’ दिसतो. एवढा फरक असेल तर तारीख सोनोग्राफीवरून नव्याने ठरवतात आणि पुढे तीच धरतात. (ठोक्यांबद्दलही एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आतून केलेल्या सोनोग्राफीत सीआरएल ७ मिलिमीटरपेक्षा कमी असेल आणि ठोके दिसले नाहीत, तर त्यावरून गर्भ गेला असं ठरवत नाहीत. सात ते चौदा दिवसांनी पुन्हा बघतात. घाईने गर्भ पाडायच्या गोळ्या घेऊ नयेत.)

आता राहिला खरा प्रश्न, एनटी आणि डबल मार्करचा. एनटी स्कॅनमध्ये गर्भाच्या मानेमागच्या त्वचेखाली किती द्रव साठलाय ते मोजतात, नाकाचं हाड बघतात. डबल मार्कर हे आईच्या रक्तातल्या पाप-ए आणि फ्री बीटा एचसीजी या दोन घटकांचं मोजमाप. दोन्ही ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत, सीआरएल ४५ ते ८४ मिलिमीटर असताना. तिचं वय, वजन आणि ही मापं एकत्र करून संगणक एक शक्यता काढतो, मुख्यतः डाऊन सिंड्रोमची. ही चाळणी आहे. चाळणीत खडाही अडकतो आणि मोठा दाणाही. हजार जणींची ही तपासणी केली तर साधारण पन्नास जणींना ‘हाय रिस्क’ असा कागद मिळतो, आणि त्यातल्या बहुतेकींची बाळं निरोगी असतात. उलट बाजूही सांगितली पाहिजे: डाऊन सिंड्रोम असलेल्या दहा गर्भांपैकी एखादा या चाळणीतून निसटतो.

वयाचा हिशेब तिने स्वतःच विचारला. बत्तिशीत साधारण सातशेत एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक. मग डाऊन सिंड्रोम म्हणजे काय, यावर बोललो. बौद्धिक वाढ मंद असते, पण किती मंद हे मुलागणिक वेगळं असतं. जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, त्यातल्या अनेकांवर शस्त्रक्रिया होऊ शकते. मुलं शाळेत जातात, कामं शिकतात, आणि आईबापांना आयुष्यभर लक्ष द्यावं लागतं. गुणसूत्राचा दोष औषधाने बरा होत नाही. यातला कोणताच भाग आम्ही गाळत नाही. तिच्या शाळेत अशी एक मुलगी होती, तिला हे आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मग दोघांना एकत्र बसवून एका कोऱ्या कागदावर तीन प्रश्न लिहून दिले. शक्यता जास्त आली तर पुढची तपासणी करणार का? पोटात सुई घालून पाणी काढावं लागतं, त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो, दोनशेत एक किंवा त्याहूनही कमी, तो पत्करणार का? आणि डाऊन सिंड्रोम पक्का झाला तर काय? गर्भ ठेवायचा, थांबवायचा की आज सांगता येत नाही? तिसऱ्या प्रश्नाला ‘सांगता येत नाही’ हे उत्तर चालतं. तिन्ही प्रश्नांना ‘नाही, ठेवायचाच’ असं उत्तर असेल, तर डबल मार्कर न करणं हा समजूतदार निर्णय आहे, त्यात हलगर्जी नाही. मात्र तसं ठरवणाऱ्या जोडप्यांनीही एनटी स्कॅन आणि पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी सोडू नये, असं आमचं मत आहे. हृदयाचा किंवा पाठीच्या कण्याचा दोष आधी कळला तर बाळंतपण कुठे करायचं हे ठरवता येतं. लहान मुलांचे सर्जन आहेत अशा रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला उपचार लगेच मिळतात, आणि तिथपर्यंतचा शेकडो किलोमीटरचा प्रवास वाचतो.

नवऱ्याच्या ‘सगळं करून टाका’लाही या कागदाने वळण लावलं. दुसऱ्या प्रश्नापाशी तो अडला. सुईचा धोका त्याने कधी ऐकलाच नव्हता.

कागदाखाली आम्ही तारखा लिहिल्या, कारण इथे कॅलेंडर थांबत नाही. वारेचा तुकडा घेऊन करायची तपासणी ११ ते १४ आठवड्यांत, गर्भजलाची १५-१६ आठवड्यांनंतर. त्याचा प्राथमिक निकाल तीन-चार दिवसांत, संपूर्ण गुणसूत्र तपासणी दोन-तीन आठवड्यांत. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. त्याप्रमाणे २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं लागतं, आणि २४ च्या पुढे गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. सोळाव्या आठवड्यात पाणी काढलं तर विचार करायला वेळ उरतो, विसाव्यात काढलं तर धावपळ होते.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती डबल मार्करहून महत्त्वाची होती. दोघांपैकी कोणाचीही सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झालेली नव्हती. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, तिकडे नंदुरबार, या पट्ट्यात सिकल सेलचे वाहक पुष्कळ आहेत, आणि वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, त्यामुळे पत्ता लागत नाही. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. डबल मार्कर जी शोधते त्या डाऊन सिंड्रोमच्या शक्यतेच्या कितीतरी पट. तपासणी मात्र एका साध्या रक्ताच्या नमुन्याची, एचपीएलसीची, आणि तीच थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचे वाहकही दाखवते. ती वाहक निघाली. लगेच नवऱ्याचं रक्त घेतलं, ते नॉर्मल आलं. म्हणजे बाळ फार तर वाहक असेल, सिकल सेलचा रुग्ण असणार नाही. नवऱ्याची तपासणी ‘नंतर बघू’ म्हणून राहिली की वारेच्या तपासणीची वेळ निघून जाते. हे फार वेळा होतं आणि दर वेळी वाईट वाटतं.

विचार करून चार दिवसांनी तिने सांगितलं: एनटी आणि डबल मार्कर करायची. शक्यता जास्त आली तर आधी एनआयपीटी, आणि त्यातही जास्त आली तरच सुई. एनआयपीटी म्हणजे आईच्या रक्तात फिरणाऱ्या, वारेतून आलेल्या डीएनएची तपासणी, दहाव्या आठवड्यापासून होते. डाऊन सिंड्रोमचे शंभरातले जवळपास नव्व्याण्णव गर्भ ती पकडते, पण तीही चाळणीच आहे. तिच्या एकट्या रिपोर्टवर गर्भपाताचा निर्णय घेत नाहीत. खर्च दहा हजारांच्या पुढे जातो, हेही आधीच सांगून ठेवलं.

एनटी स्कॅन नव्या तारखेप्रमाणे १२ आठवडे १ दिवस झाले तेव्हा झाला. सीआरएल ५५, एनटी १.५ मिलिमीटर, नाकाचं हाड दिसतंय. सगळं व्यवस्थित. तीन दिवसांनी डबल मार्करचा कागद आला: १:१९०, हाय रिस्क.

नवऱ्याने फोनवर विचारलं, “१९० म्हणजे किती वाढलंय? कमी करायला गोळी आहे का?” शुगरच्या आकड्यासारखा तो वाचला जातो, नेहमीच. हा आकडा जितका मोठा तितकं चांगलं. १:२५० च्या अलीकडे आला की ‘हाय रिस्क’ छापतात. तिला विचारलं, “तुमच्या शाळेचा पट किती?” “एकशे शहाऐंशी.” म्हणजे जवळपास तेवढ्या बायकांना हाच कागद मिळाला तर त्यातल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल, बाकी साऱ्यांच्या बाळांना नसेल. ती थोडा वेळ गप्प राहिली. “एवढी मुलं प्रार्थनेला उभी असतात,” म्हणाली.

पण तो कागद पुन्हा नीट बघण्यासारखा होता. रक्त गावातल्या कलेक्शन सेंटरवर एनटी स्कॅनच्या सकाळी, स्कॅनच्या आधीच दिलेलं. फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख, सीआरएलचा रकाना रिकामा. लॅबने १३ आठवडे ४ दिवस धरले होते. तपासणीच्या मुदतीच्या आत, म्हणून कोणाला शंका आली नाही. या दिवसांत पाप-ए दर आठवड्याला वाढत जातं आणि बीटा एचसीजी उतरत जातं. बाराव्या आठवड्यातल्या रक्ताची तुलना साडेतेराव्या आठवड्याशी केली की पाप-ए कमी वाटतं आणि बीटा एचसीजी जास्त, म्हणजे डाऊन सिंड्रोममध्ये दिसतं अगदी तसंच. दहा दिवसांच्या चुकीने निरोगी रक्त संशयित ठरतं.

लॅबला सीआरएल, एनटी आणि खरं वजन कळवून हिशेब पुन्हा करून घेतला. नवं रक्त द्यावं लागलं नाही. सुधारित आकडा १:२२०० आला. एनआयपीटीची गरज उरली नाही. १:२२०० म्हणजे शून्य नव्हे, हे तिने आमच्या आधी म्हटलं.

म्हणून रक्त देण्याआधी फॉर्म स्वतः वाचा. जन्मतारीख, त्याच दिवशीचं वजन, सीआरएल आणि स्कॅनची तारीख, एक की जुळं, मधुमेह आहे का, आयव्हीएफ असेल तर बीज स्वतःचं की दात्याचं. यातलं काहीही चुकलं की आकडा बदलतो. शक्यतो आधी स्कॅन, मग त्याच दिवशी रक्त.

एनटीच्याच भेटीत तिचं बीपी दोन्ही हातांवर मोजलं आणि पिशवीच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर केला, कारण पहिल्या खेपेचा इतिहास. डॉक्टरांनी रात्री ॲस्पिरिन १५० मिलिग्रॅम सुरू केली. ती १६ आठवड्यांच्या आत सुरू केली तर उपयोग होतो, ३६ आठवड्यांपर्यंत चालते. मनाने घ्यायची नसते. सासूबाईंना या सगळ्यात हे एकच पटलं, आणि गोळीची आठवण ठेवायचं त्यांनी स्वतःकडे घेतलं.

एक गोष्ट प्रत्येक वेळी सांगावी लागते. यातल्या कोणत्याही तपासणीत मुलगा की मुलगी हे सांगत नाहीत, एनआयपीटीच्या रिपोर्टमध्येही नाही. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि प्रत्येक सोनोग्राफीआधी एफ फॉर्मवर तशी सही घेतात. विचारूही नये.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीची तारीख १९ व्या आठवड्यात घेतली. जेवून गेलं तरी चालतं, अर्धा-पाऊण तास लागू शकतो, बाळ पालथं असेल तर फिरून येऊन पुन्हा झोपावं लागतं. जाण्याआधी तिने तोच तीन प्रश्नांचा कागद मागून घेतला आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली: काही दिसलं तर आधी मला आणि ह्यांना सांगायचं, बाहेर नाही. सोनोग्राफीच्या डॉक्टरांना द्यायच्या फाइलीत तो कागद सर्वांत वर लावला.