श्रावणबाळचे दीड हजार आणि रेशन: एकट्या माणसाचा किराणा भागतो का?

तुमचा प्रश्न असा: मावशी देवगडकडच्या गावात एकटी राहते, सत्तरी ओलांडलेली आहे, श्रावणबाळ योजनेचे (निराधार म्हाताऱ्या माणसांना सरकार दर महिन्याला देतं ते) दीड हजार रुपये आणि रेशनचं धान्य मिळतं. यात महिन्याचं खाणं भागतं का, आणि महागाई वाढली की ही रक्कम वाढते का?

माझं याच तालुक्यात किराणा दुकान आहे. अशा बऱ्याच आजींची खाती माझ्या वहीत आहेत, म्हणून लिहितो. भात भागतो. भाताबरोबर जे लागतं ते भागत नाही. आणि महागाई वाढली म्हणून रक्कम आपोआप वाढत नाही.

आधी रेशन. अन्नसुरक्षा कायद्याखालचं धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट आहे, त्यामुळे तांदळाचा बाजारभाव चढला तरी तेवढ्यापुरती झळ लागत नाही. सरकारच्या सगळ्या मदतीत महागाईला खरोखर पुरून उरलेली हीच एक गोष्ट, कारण इथे पैसे नाहीत, वस्तू मिळते. पण मावशींचं कार्ड कुठलं ते बघा. प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी पाच किलो, अंत्योदय, म्हणजे अगदी गरिबांचं, असेल तर कार्डाला पस्तीस किलो. एकट्या माणसाला हा फरक फार मोठा आहे. शिवाय पाच किलोत थोडे गहू आले तर ते दळायला चक्कीवर पैसे मोजावे लागतात, आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला दोन्ही वेळा भात नाहीतर पेजच लागते.

आता बाकीचं. आमच्याकडच्या भावाने दीड किलो तूरडाळ, दीड लिटर तेल, दोन किलो साखर, पाव किलो चहापावडर, थोडे कांदे-बटाटे, चार नारळ आणि रोजचं पाव लिटर दूध धरलं तर चौदाशेच्या आसपास जातं. यात मासळी नाही, मसाला नाही, साबण नाही, लाईटबिल नाही, बीपीच्या गोळ्या नाहीत. म्हणजे कागदावर दीड हजार पुरतात, प्रत्यक्षात नाही.

मग काय होतं ते मला वहीत दिसतं. पहिलं दूध बंद होतं, चहा कोरा होतो. मग डाळ अर्ध्यावर येते, पुढे पाव किलोवर. "डाळ र्‍हवांदे ह्या म्हयन्यात, त्याल तेवडा पाव लिटर दी," असं एक आजी सांगून जातात. साखर आणि चहापावडर मात्र शेवटपर्यंत कमी होत नाही. पोट भरतं, पण अंगाला लागेल असं त्यात काही उरत नाही. मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती आगोटीची. पावसाळ्याआधी सुकी मासळी, मिरची, कांदे, कुळीथ भरून ठेवायची आपली रीत. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि ताजं काही परवडत नाही, म्हणून ती भरती लागतेच. त्यासाठी मे महिन्यात एकरकमी पैसे लागतात, आणि हातात येतात महिन्याचे दीड हजार, तेही कधी लांबतात. मग तेच कांदे पावसात सुटे घ्यायचे. माल घाटावरून येतो. फोंडा किंवा करूळ घाटात दरड आली की भाव लगेच चढतो.

रक्कम वाढते कशी? सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता किंमत निर्देशांकाला, म्हणजे भाव किती चढले ते दाखवणाऱ्या आकड्याला, बांधलेला आहे, वर्षातून दोनदा ठरतो. श्रावणबाळला तशी कुठलीच दोरी नाही. २०१९ पर्यंत सहाशे होते, मग हजार झाले, जुलै २०२३ पासून दीड हजार. मधल्या काळात भाव काहीही होवो. दारिद्र्यरेषेखालच्यांच्या या पैशात केंद्राचाही वाटा असतो. साठ ते एकोणऐंशी वयाला तो दोनशे रुपये आहे आणि २००७ पासून तेवढाच आहे. पात्रतेची उत्पन्नमर्यादाही वर्षाला एकवीस हजारांवरच अडकलेली. ज्याचं कुणी नाही त्याच्याच पैशाला निर्देशांक लागू नये, हे मला मुळीच पटत नाही. आमदार-खासदारांकडे मागायचंच तर ही मागणी करा: दरवर्षी भावाप्रमाणे आपोआप वाढ.

तुमच्या हातात असलेलं सांगतो. मावशींचं आधार बँकखात्याला जोडलेलं आहे ना, रेशनचं ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालंय ना, हयातीचा दाखला वेळेत गेला ना, एवढं बघा. यातलं एखादं राहिलं की मदत अडकते, आणि अडकली हे म्हाताऱ्या माणसाला दोन-दोन महिने कळत नाही. त्यांना चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर दाखला काढून तहसील कार्यालयात चौकशी करा, कारण संजय गांधी निराधार योजना आणि श्रावणबाळ या दोन्हींमधल्या दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून अडीच हजार मिळतात. आणि तुम्ही पैसे पाठवणार असाल तर दर महिन्याला थोडे पाठवाच, पण मे महिन्यात आगोटीचे वेगळे पाठवा. डाळ आणि दूध यांचे पैसे परस्पर दुकानदाराला दिलेत तर अधिक बरं. हातात रोख आली की ती आधी औषधाला जाते.