जुन्या ब्रिटिश इस्टेट गाड्यांना मागे लाकूड दिसतं, ते खरं असतं की नुसतं शोभेचं?

दोन्ही. गाडी कुठली त्यावर आहे. मी ऑक्सफर्डजवळ राहतो आणि सहा वर्षं झाली एक मॉरिस मायनर ट्रॅव्हलर, म्हणजे मायनर या छोट्या गाडीचं इस्टेट रूप, सांभाळतोय (सांभाळतोय कसला, पोसतोय), त्यामुळे या विषयावर जरा जास्तच बोलेन.

आधी नावाचं बघा. इस्टेट म्हटलं की आपल्याला जमीनजुमला आणि भावकीतली कोर्टकचेरी आठवते. शब्द तोच आहे हो, इकडच्या जमीनदारांच्या इस्टेटीवर पाहुणे, कुत्री, बंदुका आणि सामान वाहायला जी गाडी असायची ती इस्टेट कार.

आता लाकूड. महायुद्धानंतर इकडे पोलादाचं रेशनिंग होतं, कारखान्यांना हवा तेवढा पत्रा मिळायचा नाही, आणि त्यात परत नव्या कारवर भरपूर टॅक्स पण मालवाहू गाडीवर नाही, म्हणून लोक मालवाहू म्हणून गाडी घेऊन मागे लाकडी बॉडी चढवून घ्यायचे. मायनरची ट्रॅव्हलर आली १९५३ मध्ये, तेव्हा हे रेशनिंग संपत आलेलं, तरी लाकूड राहिलंच. मला वाटतं इस्टेट कमी खपणार असताना पत्र्याच्या महागड्या डाय (साचे) बनवण्यापेक्षा सुतारकाम परवडत असणार.

आणि हे लाकूड शंभर टक्के खरं. पुढच्या दारांपर्यंत गाडी पत्र्याची आणि तिथून मागे अॅश लाकडाची चौकट, मधल्या खणांत अॅल्युमिनियमचे पत्रे. आपल्या जुन्या वाड्यांत लाकडी सांगाडा आणि मध्ये विटा असतात ना, डिट्टो तसं. मागे डिकी नाही, कपाटासारखी दोन दारं उघडतात. क्रिकेटचे स्टंपही याच अॅशचे करतात. सांगायचा मुद्दा, ही चौकटच मागचा सगळा भार घेते, त्यामुळे ती कुजली तर इथल्या वार्षिक तपासणीत गाडी नापास व्हायची (इतक्या जुन्या गाड्यांना ती तपासणी २०१८ पर्यंत सक्तीची होती). गंजावर डेंटिंगवाला भेटतो, इथे सुतार शोधावा लागतो!

मिनी ट्रॅव्हलर आणि कंट्रीमनचं (१९६० पासून) मात्र उलटं. बॉडी पूर्ण पत्र्याची आणि वरून लाकूड डकवलेलं, काढून टाकलं तरी गाडी पळेल. दिसायला सारखंच, म्हणून लोक फसतात.

बाकी मायनरची गंमत लाकडाच्याही आधीची आहे. डिझायनर अॅलेक इसिगोनिस, पुढे १९५९ ची मिनी पण त्याचीच. १९४८ मध्ये गाडी बाजारात यायची होती आणि सगळं ठरल्यावर साहेबांना वाटलं की गाडी अरुंद दिसतेय. मग नमुन्याची गाडी चक्क मधोमध उभी कापली, दोन्ही भाग जवळ-लांब सरकवून बघितले आणि चार इंचांवर नजर बसली. पण बंपर आधीच बनून पडलेले, ते फेकणार कोण, तर तेही मधे कापून जोडपट्टी टाकली. सुरुवातीच्या गाड्यांच्या बंपरवर ती पट्टी दिसते, बॉनेटच्या मधला सपाट पट्टाही त्याच चार इंचांचा. इतका जुगाड करून ही दहा लाख गाड्यांचा आकडा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी ठरली, आणि त्या आनंदात फिकट जांभळ्या रंगाच्या साडेतीनशेच्या आसपास खास गाड्या काढल्या. तो रंग मला अजिबात आवडत नाही, पण आता त्यांनाच भाव.

आपला संबंध म्हणाल तर अँबेसिडर. तिचं मूळ मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, म्हणजे मायनरची मोठी बहीणच, दोघी इथल्याच काउली कारखान्यातल्या. इकडे ट्रॅव्हलर १९७१ मध्ये बंद झाली, अँबेसिडर तिकडे कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत चालू होती.

कधी ट्रॅव्हलर बघायला गेलात तर व्हार्निशच्या चकाकीकडे बघू नका, मी तेच बघितलं. खिशात स्क्रू ड्रायव्हर ठेवा आणि मागच्या चाकावरच्या कमानीचं लाकूड खालून हळूच टोचा. चांगलं असेल तर टणक लागतं. माझ्या गाडीत ते खारी बिस्किटात बोट जावं तसं आत गेलं, पण तोवर पैसे देऊन झाले होते. सरकत्या काचांच्या खाचाही बघा, त्यात पाणी साचतं. आमच्या खाचेत एवढं शेवाळ आलंय की बायको म्हणते आता तिथे मेथी पेरू.