भाष्य उघडण्याआधी

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

पवित्र शास्त्र समजावून सांगणाऱ्या भाष्यांचा एकाच लेखकाचा संपूर्ण संच घ्यावा का, असं विचारलंस. घेऊ नकोस. एकट्याने सगळ्या पवित्र शास्त्रावर लिहिलं की सगळे खंड सारखे उतरत नाहीत. जुना भाष्यकार मॅथ्यू हेन्री 1714 साली वारला तेव्हा प्रेषितांच्या कृत्यांपर्यंतच पोचला होता. पुढचं इतर पाळकांनी पुरं केलं. ज्या पुस्तकाचा अभ्यास करायचा, त्यापुरतंच भाष्य निवड.

नव्या करारातल्या, पौलाने लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्रापासून सुरुवात कर. चार अध्याय, 104 वचनं, वीसेक मिनिटांचं वाचन. आठवडाभर रोज तेवढंच वाच आणि भाष्य कपाटातच राहू दे. प्रश्न वहीत लिही: तुरुंगातला पौल आनंदाबद्दल इतकं का लिहितो? तिसऱ्या अध्यायात सूर एकाएकी कडक का होतो? भाष्य आधी उघडलं की लेखकाचेच प्रश्न आपले वाटू लागतात, आणि वचनात ढळढळीत दिसणारं नजरेतून निसटतं.

आता विकत घेण्याची कसोटी. दुकानातच याच पत्राच्या 2:12 (दुसरा अध्याय, बारावं वचन) वरचं पान काढ. ‘भीत व कापत’ तारण साधण्याबद्दल लिहिताना लेखक लगेचचं 13वं वचन (देवच तुमच्यात कार्य करतो) जोडून घेतो का? विरुद्ध मत प्रामाणिकपणे मांडतो का? मग 4:13 (‘मी सर्व काही करू शकतो’) पाहा. तिथे हमखास यशाचं आश्वासन असेल आणि 11-12 मधली टंचाई गाळलेली असेल, तर पुस्तक परत ठेव.

जुनी भाष्यं इंटरनेटवर फुकट मिळतात, मननासाठी ती फार मोलाची आहेत. पण मार्क 16:9-20 मूळ शुभवर्तमानात होतं का, याबद्दल त्यांच्यावर विसंबू नकोस. सिनायची प्राचीन प्रत 16:8 लाच थांबते, आणि ती 19व्या शतकात जर्मन विद्वान टिशेनडॉर्फच्या हाती लागली. हेन्रीला ती ठाऊक असणं शक्यच नव्हतं. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या प्राचीन हस्तलिखित गुंडाळ्या तर 1947 पासून सापडू लागल्या. म्हणून जोडीला गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतलं एक भाष्य हवंच. (तुझ्या वसईच्या कॅथोलिक मैत्रिणीला सांग, प्रॉटेस्टंट संचात कॅथोलिक बायबलमधल्या तोबीत किंवा मक्काबी या पुस्तकांवर सहसा काही नसतं.)

तासाभराच्या अभ्यासात चाळीस मिनिटं वचनाला दे, पंधरा भाष्याला. उरलेल्या पाच मिनिटांत वहीत डावीकडे तुझं उत्तर लिही, उजवीकडे भाष्यकाराचं, पान क्रमांकासह. संदेश देताना त्याचा विचार वापरलास तर त्याचं नाव घे. दोन भाष्यकारांचं जुळत नसेल तर लगेच तिसरा शोधू नकोस. आधी त्या वचनाच्या मागचा आणि पुढचा परिच्छेद पुन्हा वाच, आणि कोणाचं म्हणणं त्यात बसतं ते पाहा.

तुझा,
दादा