खराब रस्त्यांवर हलके अलॉय व्हील टिकतात का?

तुमची अडचण अशी दिसते: गाडीला आत्ता १५ इंची स्टीलच्या रिम आहेत, रोजच्या वाटेवर खड्डे आणि उखडलेली खडी आहे, आणि तरीही तुम्हाला १७ इंची हलके अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं, घालायचे आहेत. टायर उतरवणं-चढवणं आणि चाकं बॅलन्स करणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे आढेवेढे न घेता सांगतो. अलॉय तग धरतील. १७ इंचाचं मात्र काही खरं नाही.

आधी इंचांचं बघू. १८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉल (रिमपासून रस्त्यापर्यंतची टायरची बाजू) त्याच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची; ही साइडवॉल साधारण १२० मिलिमीटर उंच असते. चाकाचा बाहेरचा घेर जवळपास तोच ठेवून १६ इंचावर गेलात तर १९५/५५ बसतो आणि साइडवॉल १०७ वर येते. १७ इंचावर २०५/४५, म्हणजे ९२. खड्ड्याच्या धारेवर चाक आपटलं की आधी टायर दबतो आणि आतली हवा मार झेलते. दबायला जागा उरली नाही की टायर रिम आणि धार यांच्यात चेपला जातो आणि राहिलेला दणका सरळ धातूवर येतो. त्या जागेतले २८ मिलिमीटर तुम्ही पैसे मोजून काढून टाकताय. जागतिक रॅली स्पर्धेत डांबरी रस्त्यांवर १८ इंची चाकं लावतात, पण मातीदगडाच्या रॅलीला त्याच गाड्या १५ इंचावर येतात. मोठी चाकं त्यांना परवडत नाहीत असं थोडंच आहे?

आता धातू. ॲल्युमिनियमचं वजन तेवढ्याच आकाराच्या स्टीलच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणाही तितकाच कमी. म्हणून अलॉय जाड करावे लागतात आणि वजनातला फायदा बराचसा तिथेच जिरतो. दिसायला जाळीदार आणि उचलायला जड अशी कितीतरी अलॉय चाकं माझ्या हातून जातात. बहुतेक ओतीव चाकं ए३५६ या मिश्रधातूची असतात, म्हणजे ॲल्युमिनियममध्ये सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम. ओतल्यावर ती ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून पाण्यात विझवतात आणि मग दीडशे-एकशे साठ अंशांवर काही तास ठेवतात. याला टी६ म्हणतात, आणि चाकाची ताकद यातूनच येते. तरी ओतीव ते ओतीवच, थोडं वाकून तडकणारं. स्टील फाटायच्या आधी पुष्कळ वाकतं.

म्हणून चाक हलकं आहे एवढं ऐकून भुलू नका, वजन कुठून कमी केलं ते विचारा. आरे बारीक करून आणि पट्टा पातळ करून कोणीही वजन उतरवेल. फ्लो फॉर्मिंगमध्ये टायर बसतो तो पट्टा गरम असतानाच रोलरने दाबून ताणतात, त्यामुळे तो पातळ होऊनही ओतीव पट्ट्यापेक्षा चिवट राहतो. फोर्ज्ड चाक अख्ख्या ठोकळ्यातून प्रचंड दाबाखाली घडवलेलं असतं. ते सगळ्यांत चिवट, आणि खिशालाही सगळ्यांत जड. विक्रेत्याला यातला फरक सांगता आला नाही तर दुसरं दुकान बघा.

‘टेस्टेड आहे’ हे वाक्यही तुमच्या कानावर पडेलच. आयएसओ ७१४१ ही आंतरराष्ट्रीय मानकातली आघाताची चाचणी आहे. टायर चढवलेलं चाक १३ अंशांनी कलतं ठेवून त्याच्या कडेवर २३० मिलिमीटर उंचीवरून वजन टाकतात. चाकाची भारक्षमता ५०० किलो असेल तर पडणारं वजन ४८० किलोचं. आरपार तडा गेला नाही, मधला भाग पट्ट्यापासून सुटला नाही आणि एका मिनिटाच्या आत सगळी हवा गेली नाही, की चाक पास. वाकलं तरी पास! चाचणीचा हेतू चाक फुटून गाडी हातातून जाऊ नये एवढाच आहे, त्यामुळे पास झालेलं चाकही तुमच्या खड्ड्यात वाकू शकतं. घेताना चाकाच्या मागच्या बाजूला किलोमध्ये कोरलेली भारक्षमता शोधा. ती गाडीच्या जड ॲक्सलवर चालणाऱ्या कमाल भाराच्या निम्म्याहून कमी नको. जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही चाकांच्या दर्जाची जपानी चिन्हं असली तर उत्तम, पण नकली मालावरही ती ओतता येतात हे लक्षात असू द्या.

मार बसतो तो बहुधा आतल्या कडेला. आरे बाहेरच्या बाजूला असतात, आत पट्टा लांबवर आधाराशिवाय उभा असतो. चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरतं तेव्हा समोरून ओरखडाही दिसत नाही, आणि मागे जाऊन बघावं तर कड दर फेरीला एकाच जागी लपकन आत येऊन जाते. गाडीवाल्याची तक्रार मात्र वेगळीच असते: एका चाकाची हवा सारखी उतरते, पंक्चर तर सापडत नाही. अशा वेळी साबणाचं पाणी आतल्या कडेवर आणि पट्ट्यावर फिरवा. केसाएवढ्या चिरेतून मोहरीएवढे बुडबुडे एका रेषेत येत राहतात. त्याच ठिकाणी टायरला फुगा आलाय का तेही बघा, दोन्ही बऱ्याचदा एकाच दणक्यात होतं.

दुरुस्तीचं म्हणाल तर आतल्या कडेचा किरकोळ वाक हायड्रॉलिक प्रेसवर निघतो. गॅसची ज्योत लावून तापवणाऱ्याकडे चाक देऊ नका. जी प्रक्रिया दीडशे अंशांवर पूर्ण होते ती त्या आचेत केव्हाच मोडते, आणि सरळ दिसणारं चाक त्या जागी मऊ होऊन बसतं. आऱ्याला किंवा नटांच्या भोकांपाशी तडा असेल तर वेल्डिंगचा विचारही नको. ते चाक भंगारात.

खराब रस्ता म्हणून हवा कमी ठेवायची सवय असेल तर ती सोडा. वाळूत हळू जाताना ते ठीक, खड्ड्यात मात्र रिम त्यानेच जाते. दाराच्या स्टिकरवरचा आकडा, तोही थंड टायरवर. वेगाचा हिशेब सरळ आहे, ६० च्या वेगात ४० च्या सव्वादोनपट ऊर्जा असते. आणखी एक गोष्ट फारच कमी लोक पाळतात. खड्डा चुकत नाही असं दिसलं तर आधी काय तो ब्रेक मारा, पण चाक आत पडायच्या क्षणी पाय उचला. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली गेलेलं असतं, पुढचं सस्पेन्शन आधीच दबलेलं असतं आणि धक्का घ्यायला ते उरतच नाही.

मी तुमच्या जागी असतो तर १५ इंचीच अलॉय घेतले असते, फार तर १६, तेही फ्लो फॉर्मिंगचे. रस्ता निव्वळ दगडगोट्यांचा असेल आणि मदत लांब असेल तर स्टीलच राहू द्या. अलॉय घातलेच तर नट त्या चाकाच्या बैठकीचे (नट जिथे टेकतो त्या जागेच्या आकाराचे) घ्या, शंकूची बैठक आणि गोल बैठक एकमेकांना चालत नाही. एअर गनवर भागवू न देता टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळून घ्या आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. स्टेपनी स्टीलचीच राहणार असेल तर तिचे मूळ नट डिकीत पान्याबरोबर ठेवा, कारण अलॉयचे नट तिला बसतीलच असं नाही.